सुनेच्या ताटातलं तूप

कुंभकोणम्,
७ जून १९३५

चिरंजीव वरदराज, मद्रास, यास लक्ष्मीदेवी अक्काचे आशीर्वाद.

तू डॉक्टर होऊन वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत मी तुझ्याकडे सर्दीची पुडीसुद्धा मागितली नाही, कारण तुझ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. आजही औषध नको आहे. दोन ओळी हव्या आहेत.

विषय आमच्या सूनबाईंचा. गोविंदपुरमच्या व्यंकोबा भजन्याची ही तुळसी आमच्या घरात येऊन तीन वर्षं झाली. तुझ्या भावोजींच्या आजोबांनी तंजावरच्या वाड्यात महाराजांपुढे पोथी वाचलेली. अशा घराला टाळकुट्याची मुलगी मुळातच शोभणारी नव्हती. रंग उजळ म्हणून आम्ही भुललो. आता त्या रंगाचं काय झालं ते ऐक.

वर्षभरापासून तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, मांड्यांच्या मागे बारीक टणक फोड उठले आहेत. त्यांत पाणी नाही, पू नाही, नुसते टोकदार. हात फिरवला तर कारल्यावरून फिरवल्यासारखा लागतो. बाकीचं अंग राख फासल्यासारखं. आमची भांडीवाली गोमती म्हणते, बेडकाची पाठ अशी असते. भरीला दिवेलागणीनंतर बाईसाहेबांना उंबरा दिसत नाही. परवा फुलपात्र घेऊन माझ्या अंगावरच येऊन पडली.

तू म्हणशील, अंगाला तेल लावत नसेल. दर शुक्रवारी मी समोर बसून तिला डोक्यापासून पायापर्यंत तिळेल चोपडायला लावते. पाव शेर तेल जिरतं, आणि शनिवारी कातडी पुन्हा कोरडी ठणठणीत. तिरुनागेश्वरमच्या देवळातल्या गुरुक्कळांनी सर्पदोष सांगितला, म्हणून राहूला चौदा रविवार दुधाचा अभिषेक केला. मूल व्हावं म्हणून तिरुक्करुगावूरच्या देवीचा नेम तर दीड वर्ष चालू आहे. ना मूल झालं, ना कातडी सुधारली. एवढं करूनही ज्याला गुण येत नाही त्याचं नाव मी घ्यायला नको. महारोग.

तेवढा एक शब्द तू दवाखान्याच्या कागदावर लिही आणि खाली शिक्का मार. बाकीचं मी बघते. तंजावरच्या अप्पाजींची नात त्रिपुरसुंदरी हिचं स्थळ आलं आहे. त्यांच्या पणज्यांना वाड्यातून पालखी होती. बालकृष्णाला विचारलं, तो म्हणाला, "तुझी मर्जी." हा मुलगा जन्मात दुसरं काही बोलला नाही, आणि मला त्याची तेवढीच सवय आवडते.

उलट टपाली उत्तर पाठव.

लक्ष्मीदेवी


मद्रास,
१५ जून १९३५

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांशी वरदराजाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दवाखान्यात चाळीस माणसं खोकत बसलेली असताना वाचलं. त्यातली दहा खरोखर आजारी होती, तरी त्यांना थांबवून वाचलं.

पोथी वाचणाऱ्या आजोबांचा उल्लेख तू प्रत्येक पत्रात करतेस. राज्य जाऊन ऐंशी वर्षं झाली, अक्का. त्या पोथीला वाळवी लागली, त्या वाड्यात वटवाघळं राहतात, आणि तुमचा बालकृष्ण मुन्सफ कोर्टात दुसऱ्यांचे अर्ज उतरवून काढतो. पालखीवाल्या अप्पाजींचीही गत वेगळी नसावी, नाहीतर त्यांनी नात बिजवराला देऊ केली नसती.

शिक्का मिळणार नाही. रोगी डोळ्यांनी न बघता दाखला देणारे डॉक्टर या शहरात पुष्कळ आहेत. मी त्यांतला नव्हे.

पण विचारलंस म्हणून लिहितो. तू केलेल्या वर्णनावरून महारोगाची शंका नाकारता येत नाही. नक्की कळेपर्यंत तिचं अंथरूण आणि भांडी वेगळी ठेवलेली बरी. अर्थात साधी खरूजही असू शकेल. खेड्यातल्या मुलींचं आणि साबणाचं फारसं जमत नाही. सरकारी इस्पितळात कोणाला तरी दाखवून घे म्हणजे झालं.

याउपर या विषयावर मला लिहू नकोस. मला खरी कामं आहेत.

वरदराज


कुंभकोणम्,
२ जुलै १९३५

चिरंजीव वरदराजास आशीर्वाद.

शिक्का नव्हता, पण तुझ्या कागदावर दवाखान्याचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं. तेवढ्याने भागलं.

व्यंकोबाला बोलावून घेतलं. उपाध्याय होते, शेजारचे दोघे होते. तुझ्या पत्रातलं शंकेचं वाक्य आणि भांडी वेगळी ठेवण्याचं वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं. खरजेचं वाचलं नाही. खरूज सांगायला मद्रासचा डॉक्टर कशाला हवा? व्यंकोबा उभाच होता. म्हणाला, "डोळां पाहिल्यावांचून कसें हो लिहिलें त्यांनी?"

मी म्हटलं, "मद्रासेचा डाक्टर आहे तो. तुम्हांसारिखा टाळ कुटीत बसत नाहीं."

त्याने मुलीला गाडीत घातली आणि घेऊन गेला. तिचं ताट आणि पेला मी नदीत टाकायला लावला. मंगळसूत्र तेवढं गळ्यात राहू दिलं, उगीच कोणी बोल लावायला नको. जाताना ती रडलीसुद्धा नाही. इतकी निगरगट्ट. ऑगस्टात, आवणी महिना लागला की बालकृष्णाचं लग्न. अप्पाजींनी होकार कळवला आहे.

आणि कोणी म्हणेल, सासूने कमी केलं. देवीचा तो नेम कुंभकोणमात माझ्यासारखा कोणी पाळून दाखवावा! तिरुक्करुगावूरला देवीच्या पायाशी ठेवलेलं तूप नवराबायकोने खायचं असतं, हे तुला माहीत असेल. देवळात अठ्ठेचाळीस दिवस सांगतात. मी म्हटलं, अर्धवट काही करायचं नाही; मूल होईपर्यंत. आणि देवीचं तूप पोटात जायचं तर त्यात दुसरं तूप मिसळून ते बाटता कामा नये, म्हणून तिचं बाकीचं सगळं बंद केलं. दीड वर्ष तिच्या पानात तूप नाही, लोणी नाही, साय नाही, फोडणीचा थेंब नाही. भात, चिंचेचं सार, लोणी काढलेलं ताक. प्रसादाचं तूप थोडंच असतं, ते बालकृष्णाला लागतं. तिच्या जिभेला मी सकाळी बोट लावत असे. नेम एक दिवस चुकला नाही. देवीनेच डोळे मिटले तर माझा काय इलाज?

लग्नाला ये. नवा कोट शिवून ये. गेल्या खेपेस तुझ्या कोपराला ठिगळ होतं.

लक्ष्मीदेवी


मद्रास,
९ जुलै १९३५

अक्का,

नमस्कार समजून घे. लिहायला हात उठत नाही.

दीड वर्ष. तू दीड वर्ष त्या मुलीला तेलातुपाचा थेंब दिला नाहीस, आणि तिची कातडी कोरडी का पडली हे मला विचारतेस! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तू पोहरा घासत बसलीस. पाव शेर तिळेल वरून चोपडलंस, त्यातला एक चमचा तिच्या भातावर घातला असतास तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुला कळणार नाही, तरी लिहितो. कातडी म्हणजे वरून पांघरलेलं धोतर नव्हे. ती आतून वाढते, रोज वाढते, आणि जे पोटात जातं त्यातूनच वाढते. तेल, तूप, लोणी हे जिभेचे लाड आहेत अशी तुझी समजूत आहे. त्यांच्यावाचून कातडीची ओल टिकत नाही, केसांच्या मुळाशी मळ टणक होऊन बसतो आणि खिळ्यासारखा वर येतो. आपल्याच मुलखातल्या वसतिगृहांतली पोरं आणि तुरुंगातले कैदी यांच्या कोपरांवर आणि मांड्यांवर नेमके असे फोड निघाल्याचं वैद्यकाच्या मासिकात छापून आलं आहे. बेडकाची कातडी, हेच नाव त्याला डॉक्टरांनी दिलं आहे. तुझी भांडीवाली गोमती माझ्यापेक्षा बरी डॉक्टर निघाली. ते कैदी काय खात होते? भात आणि पाणचट आमटी. कोणी म्हणतात तेलातुपातलं जीवनसत्त्व कमी पडलं, कोणी म्हणतात खुद्द तेलच कमी पडलं. त्यांचा वाद मिटेल तेव्हा मिटेल. स्निग्ध खाणं आणि हिरवा पाला पोटात गेल्यावर कातडी मऊ झाली, एवढं सगळ्यांना मान्य आहे. तिन्हीसांजेला उंबरा न दिसणं हेही त्याच उपाशी खाण्याचं लक्षण आहे.

हे मासिक मी गेल्या वर्षीच वाचलं होतं. जूनमध्ये ते माझ्या कपाटात होतं. ती काय खाते, एवढं मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या.

पण तुझी गोष्ट निराळी. देवी बायकांना तूप खायला घालते. अख्ख्या चोळदेशात तूप खाऊ घालणारी ती एक देवी, आणि तिच्याच नावाने तूप बंद करणारी तू एक बाई. राहूला चौदा रविवार दूध आणि घरच्या सुनेला ताकाचं पाणी! त्या राहूलाही दूध गोड लागलं नसेल.

लग्न थांबव. मुलीला परत आण. मी वीस तारखेनंतर येतो आणि स्वतः तपासतो.

वरदराज


कुंभकोणम्,
१६ जुलै १९३५

वरदराज,

तुझं पत्र बालकृष्णाकडून वाचून घेतलं, कारण रागात तुझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं येतं. त्यानेही वाचलं आणि जेवायला बसला. तुझ्या शास्त्राचा आमच्या घरात एवढाच परिणाम झाला.

तूप पोटात गेलं की कातडीवर येतं म्हणे! मग पोटात गेलेला भात कुठे येतो, तेही मासिकात छापलं असेल. सरकारने तुझ्या शिक्षणावर पैसा घातला आणि तू कैद्यांच्या मांड्या बघत बसलास.

आणि कातडीचं मला शिकवतोस? मी सत्तावन्न वर्षांची. विधवा बाई, एकभुक्त. माझे हात बघ, गेल्या खेपेस तूच म्हणालास, अक्का, तुझ्या अंगाला सुरकुती नाही. कशाने? रोजच्या जपाने. भातावर दोन चमचे तूप आणि रात्री सायीसकट दूध, याखेरीज मी काही घेत नाही. इतकं साधं राहून माझी कातडी अशी, आणि तिला सगळं घर मोकळं असून तिची तशी. हे कुळाचं असतं. भजन्याच्या घरात कुठून येणार?

जूनमध्ये तूच लिहिलंस, जुलैमध्ये तूच पुसतोस. असला डॉक्टर आम्हाला नको. लग्न ठरल्या दिवशी होईल. वीस तारखेनंतर यायचं तर गुपचूप जेवायला ये, तोंड बंद ठेवून.

लक्ष्मीदेवी


मद्रास,
२९ जुलै १९३५

अक्का,

मी येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही. आडुतुरै स्टेशनावर उतरून परस्पर गोविंदपुरमला गेलो.

तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन चमचे तूप, सायीचं दूध आणि तुकतुकीत कातडी. मी दोन पानं खरडून जे सिद्ध करू शकलो नाही ते तू चार ओळींत सिद्ध केलंस, आणि तुला ते कळलंसुद्धा नाही. आता ऐक.

तुळसीचे डोळे बांधून मी तिच्या हातापायांवर पिसाचं टोक फिरवलं. जिथे लागलं तिथे तिने बोट ठेवलं, एकदाही चुकली नाही. ऊन पाण्याची नळी कुठली आणि गार कुठली, बरोबर सांगितलं. कोपरामागची शीर तपासली, जाड नाही. अंगावर बधिर चट्टा एकही नाही. महारोग नाही, खरूज नाही. दीड वर्षाची उपासमार आहे, तीही रोज दोन वेळ जेवायला वाढून केलेली. अशी उपासमार करायला डोकं लागतं.

मी तिला विचारलं, इतके महिने बोलली का नाहीस. म्हणाली, "एकदां मागितलें तूप. सासूबाई म्हणाल्या, जीभ लांब आहे."

मी कॉडच्या तेलाची बाटली नेली होती. व्यंकोबांनी ती हुंगली आणि उचलून अंगणात ठेवली. "माशाचें तेल देवघराच्या घरांत नको, डाक्टर. प्राण गेला तरी नको." मी रागावलो, अडाणी म्हणालो. मुलगी आतून बापाला म्हणाली, "प्राण जायचें नव्हें, अण्णा, बरें व्हायचें बोलून आहेत ते. तिळेल चालेल काय, तें विचारा." मी चालेल म्हटलं. भातावर कच्चं तिळेल, गाईचं तूप, दूध, आणि कुंपणावरच्या शेवग्याचा पाला रोज. त्या घरात एक गाय आहे, शेवगा आहे. तुमच्या पोथीवाल्या घरातून निघून ती औषधाच्या घरात पोचली होती.

दाखला लिहिला आहे. या वेळी बघून लिहिला, आणि शिक्का मारला. एक प्रत व्यंकोबांकडे, एक तंजावरला अप्पाजींकडे, एक तुला. अप्पाजींना नेमाची हकीकतही कळवली आहे. नातीला काय खायला मिळेल हे आजोबांना ठाऊक असलेलं बरं.

वरदराज


कुंभकोणम्,
१२ ऑक्टोबर १९३५

चिरंजीव वरदराजास आशीर्वाद. भाऊ आहेस म्हणून देते.

घर बुडवलंस, आता बरं वाटत असेल. अप्पाजींनी तुझा दाखला वाचून सुपारी परत पाठवली. बरोबर निरोप: दाखला काही म्हणो, ज्या घरात तो शब्द निघाला त्या घरात आम्ही नात देत नाही. पालखीवाल्यांची अक्कल बघ. पालखी गेली, अक्कलही तिच्यातच बसून गेली असावी. तिथून ही गोष्ट कुंभकोणमात आली. गोमतीने काम सोडलं. रोगाच्या घरची भांडी घासत नाही म्हणाली. भांडी वेगळी ठेवा असं डॉक्टरनेच लिहिलं होतं, हे तिला कोणी सांगितलं? मीच मोठ्याने वाचलं होतं. उपाध्याय आता दारात उभे राहून तिथी सांगतात. काल सवाष्णी जेवायला बोलावल्या, कोणी आलं नाही.

बालकृष्ण हॉटेलात जेवतो. मी स्वतः चुलीशी बसते, सत्तावन्नाव्या वर्षी.

गोविंदपुरमकडची माणसं सांगतात, तिची कातडी निवळली. असेल. तर आम्ही मोठ्या मनाने तिला परत घ्यायला तयार आहोत. ती आली, घरात वावरू लागली, चार बायकांना हळदीकुंकू लावू लागली की लोकांची तोंडं बंद होतील. तू घाण केलीस, तूच निस्तर. तिला लिही. तुझ्या हट्टाखातर रोज एक चमचा तूप वाढीन, असंही लिही. चमचा मी ठरवीन.

लक्ष्मीदेवी


मद्रास,
२० ऑक्टोबर १९३५

चि. सौ. तुळसीस वरदराज मामाचे आशीर्वाद.

प्रकृती सुधारल्याचं ऐकून समाधान झालं. औषध लागू पडलं. मी दुखणं वेळेवर ओळखलं हे तुझं नशीब.

अक्काचं पत्र आलं आहे, ते सोबत जोडलं आहे. भाषा तिची आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. वाकली आहे हे खरं, आणि तिला वाकलेली मी तरी याआधी पाहिली नाही. दाखला आहेच, तेव्हा आता कोणाला बोलायला जागा नाही. नवऱ्याचं घर ते आपलं घर. दिवाळीच्या सुमारास परत जावंस हे बरं. तुझ्या वडिलांनाही आता भार नको. अक्काला मी तसं कळवून टाकतो. एकंदरीत मी सगळं मिटवत आणलं आहे.

वरदराज


गोविंदपुरम्,
४ नोव्हेंबर १९३५

श्री. वरदराज डॉक्टर यांस तुळसीचा नमस्कार.

मामा असं लिहिलं नाही. ते नातं ज्या घरातून येतं त्या घरात माझं ताट नदीत टाकलं आहे.

तुम्ही तब्येत विचारली नाहीत, तरी सांगते, कारण ती तुमच्या कामाची आहे. कोपरं आणि गुडघे नवरात्रापर्यंत साफ झाले. मांड्यांच्या मागे थोडे फोड आहेत, तेही मऊ पडले आहेत. तिन्हीसांजेला मी दिवा लावते आणि उंबराही दिसतो. शेवग्याचा पाला रोज खाते. गाय एकच, दूध थोडं. पहिला महिनाभर अण्णा माझ्या भातावर तूप घालून स्वतः कोरडा भात खात होते. मी पकडलं तेव्हा म्हणाले, "माझी कातडी म्हातारी, तिला काय करायचें?" मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. तुमच्या अक्कांना कळवा, त्या म्हणायच्या तशी मी अगदीच निगरगट्ट नाही.

आता दाखल्याचं. अण्णांना तो मिळाल्यावर इतका आनंद झाला की त्यांनी तो एकादशीच्या भजनात सगळ्यांसमोर वाचला. मी नको म्हणत होते. तोवर गावातल्या चार घरांनाच माहीत होतं. बाकीच्यांना वाटत होतं, मुलगी माहेरी आली आहे. त्या दिवसापासून बायका माझ्या हातचा प्रसाद घेत नाहीत. पदर पुढे करतात आणि मग पदर झटकतात. शेजारच्या रंगाची आई तोंडावर म्हणाली, "नव्हता तर दाखला कशास आणला?" मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. ज्याला काही झालेलं नसतं त्याच्याकडे कधी कागद असतो का?

तुमचे भाचे येऊन गेले. सायकल दाराबाहेर धरूनच उभे होते. म्हणाले, "अम्मा विचारते, येतेस काय?" मी विचारलं, "तुम्ही काय म्हणतां?" ते सायकलच्या घंटेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुझी मर्जी." तीन वर्षांत त्यांनी माझी मर्जी पहिल्यांदा विचारली, म्हणून मी लगेच सांगून टाकली. मंगळसूत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते त्यांनी खिशात घातलं आणि गेले. रागावलेसुद्धा नाहीत. रागवायला अम्माला विचारावं लागलं असतं.

तुमच्या अक्कांचं पत्र मी वाचलं. त्यांना माझी कातडी हवी आहे, लोकांना दाखवायला. चार बायकांना माझ्या हाताने हळदीकुंकू लावलं की त्यांचं घर शुद्ध होईल. तेवढ्यासाठी त्या एक चमचा तूप द्यायला तयार आहेत. तूप इथे आहे. त्यांना म्हणावं, तो चमचा त्यांनी आपल्याच भातावर घालावा. त्यांची कातडी सांभाळली पाहिजे, दुसरं काही सांभाळण्यासारखं त्यांच्याकडे राहिलेलं दिसत नाही.

आणि तुम्ही. सासूबाईंना मी कधी शहाणं समजले नव्हते, म्हणून त्यांनी केलं त्याचं मला नवल वाटलं नाही. तुम्ही शिकलेले. तुम्ही माझ्याविषयी तीनदा लिहिलंत. पहिल्यांदा लिहिलंत तेव्हा मला पाहिलं नव्हतं, आणि त्यात माझं घर गेलं. दुसऱ्यांदा पाहून लिहिलंत, खरं लिहिलंत, आणि त्यात माझं गाव गेलं. तिसऱ्यांदा मी परत जावं असं मला न विचारता ठरवलंत आणि त्याला मिटवणं म्हणालात. वेळेवर ओळखलं म्हणालात. माझं ताट पाण्यात पडून गेल्यावर ओळखलंत.

औषधाबद्दल मी तुमची ऋणी आहे, ते नाकारत नाही. शेवगा आमच्याच कुंपणावर होता, पण खा म्हणून तुम्ही सांगितलंत. त्यापुढे एक उपकार करा. आता माझ्याविषयी कोणालाही काही लिहू नका. चांगलंही नको.

तुळसी